बंगल्यातील पावले

कोलकात्याच्या अलीपूर भागात 'हेस्टिंग्ज हाऊस' नावाचा जुना बंगला आहे. बंगालचा पहिला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचा तो. १७८५ साली हेस्टिंग्ज मायदेशी परतला. पण खासगी कागदपत्रे असलेले त्याचे काळ्या लाकडाचे खणांचे टेबल हरवले. १७८७ मध्ये 'कलकत्ता गॅझेट'मध्ये त्यासाठी इनामाची जाहिरातही आली. इथवर झाला इतिहास. दंतकथा पुढे सांगते, की रात्री चार घोड्यांची बग्गी येते, हेस्टिंग्ज उतरतो आणि टेबल शोधत खोल्याखोल्यांतून फिरतो. त्याची पावले ऐकू येतात!

विद्यार्थी मित्रांनो, जुन्या घरांत रात्री आवाज येतात हे खोटे नाही. लाकूड हवेतील दमटपणा शोषून फुगते, कोरडे पडले की आकसते. दिवसा तापलेले छप्पर, तुळया आणि जिन्याच्या फळ्या रात्री निवतात. खिळ्यांशी, सांध्यांशी अडकून राहिलेला भाग ताण वाढला की एकदम सरकतो आणि 'टक्' असा आवाज होतो. असे चार-पाच आवाज एकामागून एक झाले, की पावलांचा भास होतो. दिवसाच्या गलबल्यात ते ऐकूच येत नाहीत.

मग 'भूत आहे' म्हटले तर बिघडले कुठे? याचे उत्तर अमेरिकेतील एका जुन्या घराने दिले. तेथील कुटुंबाला रात्री पावले ऐकू येत, डोके दुखे, मुले फिकट पडली. शोध घेतला तेव्हा घर गरम ठेवणारी भट्टी बिघडलेली आढळली. तिचा विषारी वायू खोल्यांत पसरत होता. विल्यम विल्मर या नेत्रतज्ज्ञाने १९२१ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. तो वायू होता कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. पण रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. मेंदूला प्राणवायू कमी पडला, की भ्रम होतात आणि पुढे मृत्यूही येतो. भट्टी दुरुस्त झाली आणि भुतेही गेली! ते कुटुंब मांत्रिकाची वाट पाहत बसले असते तर?

आपल्याकडेही थंडीत दारे-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे असेच जिवावर बेतते. बंद खोलीत डोके जड झाले, तर आधी सर्वांनी मोकळ्या हवेत यावे.

आणि नुसताच 'टक्' आवाज आला, तर वहीत वेळ, तपमान व आर्द्रता टिपावी. आठ-पंधरा दिवसांच्या नोंदी शिक्षकांना दाखवा. भुताचे वेळापत्रक हवामानाशी जुळते का, ते तुम्हीच ताडून पाहा.