निळी झाली म्हणजे पिकली?

मॉलमध्ये ब्ल्यूबेरीचा इवलासा डबा उचलायचा, किंमत बघायची आणि गुपचूप परत ठेवायचा. ओळखीचं वाटतंय ना? मग जरा न्यू जर्सीत डोकावू. रानातल्या झुडपांपासून शेतातली ब्ल्यूबेरी तयार झाली ती इथेच. एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल या जोडीचं पहिलं पीक १९१६ मध्ये विकलं गेलं.

छोट्या घरगुती शेतांवर तोडणी अजून हातानंच होते. कारण एका घोसातली फळं एकदम पिकत नाहीत. देठापाशी लालसर झाक दिसली, तर थांबायचं. अंगठ्यानं हलकेच फिरवल्यावर सुटली, तर ती तयार. घाई केली की संपलं! ती काही आंब्यासारखी अढीत गोड होत नाही. त्यामुळे त्याच झुडपाकडे पुन्हा पुन्हा फेऱ्या.

रसायनं नकोत? मग मेहनत डबल. तण दाबायला लाकडाच्या भुशाचं आच्छादन, पक्ष्यांसाठी जाळी, शिवाय माती आम्लधर्मीच हवी. वर सुरुवातीची एक-दोन वर्षं फुलं चक्क खुडून टाकायची, झुडूप आधी भक्कम व्हावं म्हणून. म्हणजे खर्च आज, कमाई नंतर!

आणि हो, बेरीवरची पांढुरकी पावडर बघून दचकू नका. ते फळाचं स्वतःचं मेण आहे. खायच्या वेळीच धुवा, बेरी जास्त टिकेल.