३.४ दोन मालिका, दोन काळ : 'आभाळमाया' आणि 'उंच माझा झोका'

मागील घटकात आपण कादंबरीतील समाजचित्रण पाहिले. दूरचित्रवाणी मालिकाही समाजावर भाष्य करते. मात्र दोन मालिकांच्या भाष्याची रीत सारखीच असेल असे नाही.

१९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर सुरू झालेल्या 'आभाळमाया'ची नायिका सुधा जोशी ही प्राध्यापिका आहे. शिक्षण, नोकरी, प्रतिष्ठा हे सर्व तिच्यापाशी आहे. तरीही पतीच्या विवाहबाह्य संबंधामुळे तिचा संसार हादरतो. शिक्षणाने स्त्रीला घरात न्याय मिळतोच का, हा या मालिकेचा प्रश्न आहे.

२०१२ मध्ये झी मराठीवर आलेल्या 'उंच माझा झोका'त शिक्षण हाच संघर्षाचा विषय आहे. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी विवाह होऊन आलेल्या रमाबाईंना न्यायमूर्ती रानडे शिकवू लागले आणि घरातील स्त्रियांनीच त्यास विरोध केला. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्या रानडे यांनी वडिलांच्या आग्रहापुढे नमून बालिकेशी विवाह केला, ही विसंगतीही या कथेच्या मुळाशी आहे. १८७९ मध्ये रानडे यांची बदली धुळ्यास झाली. त्यामुळे हा इतिहास खानदेशाला परका नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. 'आभाळमाया' पाहताना प्रेक्षकाला शेजारचे, कदाचित स्वतःचेच घर आठवते. तो अस्वस्थ होतो. ऐतिहासिक मालिकेत मात्र तो सहजच सुधारकांच्या बाजूला उभा राहतो, कारण तो लढा जिंकला गेला आहे असे त्याला वाटते. परंतु संसार सांभाळून रात्री ही पुस्तिका उघडणाऱ्या आपल्यापैकी अनेकींना ठाऊक आहे की, 'आता शिकून काय करायचे?' हा प्रश्न अजून संपलेला नाही.

भाषेचाही विचार करावा. दोन्ही मालिकांचा मुख्य व्यवहार प्रमाण मराठीत चालतो. पुढे 'रात्रीस खेळ चाले'ने (२०१६) मालवणी आणि 'लागिरं झालं जी'ने (२०१७) साताऱ्याकडील बोली पडद्यावर आणली. कोणाचे दुःख कोणत्या बोलीत सांगितले जाते, हेही सामाजिक भाष्यच होय. धुळ्याची अहिराणी किंवा जळगावची लेवा गणबोली केवळ हशा मिळवण्यासाठी वापरली जाते, तेव्हा ती बोलणारा माणूसही गंभीर विषयातून वगळला जातो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. दोन्ही मालिकांतील शिक्षणविषयक भूमिकांची तुलना करा.
२. आपण पाहिलेल्या मालिकेतील बोलीभाषक पात्र निर्णय घेते की केवळ विनोद करते? सोदाहरण लिहा.