शर्यतीचा समालोचक : काही विचार

वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची मळणी आटोपली आणि बैल मोकळे झाले, की पूर्वी गावोगाव शंकरपट भरत असत. खैरलांजीच्या परिसरातील माणसास पट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इतर वाचकांसाठी इतके सांगितले म्हणजे पुरे, की हलक्या गाडीस जुंपलेल्या बैलजोड्यांची ती शर्यत होय. जोडी हाकणारास आमच्याकडे धुरकरी म्हणतात. पटावर बैल, धुरकरी आणि पंच यांच्याइतकाच महत्त्वाचा आणखी एक मनुष्य असतो. तो मचाणावर ध्वनिक्षेपक घेऊन बसतो आणि हजारो लोकांना काय घडत आहे ते सांगत असतो. हा समालोचक चांगला कशाने होतो आणि वाईट कशाने, याचा विचार येथे करावयाचा आहे. विषय साहित्यसंस्थेच्या पत्रिकेस परका वाटेल. पण तो मुळात भाषेचाच विषय आहे.

समालोचकाचा आदिपुरुष म्हणून संजयाचे नाव घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती अर्धीच बरोबर आहे. भीष्मपर्वात संजय धृतराष्ट्राकडे येतो तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊनच. युद्धाचे वर्णन त्यानंतर येते. म्हणजे शेवट काय झाला हे सांगणाऱ्यास ठाऊक असते. शर्यतीच्या समालोचकास ही सोय नाही. ज्या वाक्याचा शेवट अजून घडलेलाच नाही, ते त्याला सुरू करावे लागते. मात्र एका बाबतीत संजय त्याचा खरा गुरू होय. पुत्रांच्या पराभवाची वार्ता पित्यास सांगतानाही त्याने ती बदलली नाही.

आता भाषेची अडचण पाहा. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. ‘डावीकडची पांढरी जोडी उजवीकडच्या जोडीस मागे टाकून पुढे जात आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; परंतु ‘जात आहे’ उच्चारेपर्यंत ती जोडी पुन्हा मागे पडलेली असू शकते. कुशल समालोचक व्याकरण न शिकताच यावर उपाय शोधतो. तो क्रियापद पुढे आणतो : ‘सुटली जोडी!’ किंवा ते गाळूनच टाकतो : ‘पुढे पांढरी. आता बरोबरीत. पुन्हा पांढरी.’ पुणे जिल्ह्यातील बैलगाडा घाटांवर ‘भिर्रर्र’ हा एकच उद्गार गाडा सुटल्याचे सांगून मोकळा होतो. भाषा येथे घटनेच्या वेगाशी जुळवून घेते. वाईट समालोचक मात्र पाठ केलेली लांबलचक विशेषणे लावीत बसतो आणि त्याचे वाक्य संपते तेव्हा शर्यतही संपलेली असते.

क्रिकेटच्या समालोचकास दोन चेंडूंमध्ये उसंत मिळते. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी त्या उसंतीचा सुंदर उपयोग केला. षटक, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण हे शब्द रेडिओवरून ऐकूनच कित्येक मराठी घरांत रुळले. शर्यतीत अशी उसंत नसते. म्हणून समालोचकाचे पुष्कळसे काम शर्यत सुरू होण्यापूर्वीच झालेले असावे लागते. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर 1943 पासून होत आलेल्या इंडियन डर्बीचे उदाहरण घ्या. अंतर 2400 मीटर, वेळ सुमारे अडीच मिनिटे. दुरून घोडा ओळखू येत नाही. ओळखू येतात ते जॉकीच्या अंगातील सदऱ्याचे आणि टोपीचे रंग. प्रत्येक मालकाचे रंग ठरलेले असतात. ते आणि घोड्यांची नावे समालोचकास इतकी पाठ हवीत, की रंग दिसताच नाव ओठांवर यावे.

या तयारीचे मोल इंग्लंडमध्ये 8 एप्रिल 1967 रोजी दिसून आले. ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतीत तेविसाव्या कुंपणापाशी स्वार गमावलेला एक घोडा आडवा आला आणि जवळजवळ सगळे घोडे एकमेकांवर आदळून थांबले. बराच मागे असलेला फॉइनाव्हन हा घोडा त्या गर्दीतून वाट काढून एकटा पुढे निघाला आणि जिंकला. त्याच्यावरील पैजेचा भाव एकास शंभर होता. त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. पण त्या कुंपणाजवळ असलेले आयरिश समालोचक मायकेल ओहेहिर यांनी त्या गोंधळातही त्याचे नाव अचूक सांगितले. शर्यतीपूर्वी एका जॉकीच्या अंगावरील रंग अनोळखी वाटला, म्हणून त्यांनी स्वतः जाऊन त्याच्याकडे चौकशी केली होती, असे सांगतात. लोकांना जी हजरजबाबी वाटते तिच्यामागे पुष्कळदा अशी पूर्वतयारी असते. हे शिक्षकांस निराळे सांगावयास नको.

दुसरा गुण आवाजाच्या काटकसरीचा. अडीच मिनिटांच्या शर्यतीत चांगला समालोचक आरंभी शांत असतो. पुढल्या घोड्यापासून मागल्यापर्यंत क्रम सांगून तो पुन्हा पुढे येतो आणि अखेरच्या सरळ टप्प्यासाठी आवाज राखून ठेवतो. पटाची गोष्ट वेगळी. जोडी काही सेकंदांतच धावपट्टी पार करते आणि जयपराजय सेकंदाच्या शतांशाने ठरतो. येथे जोडीची, मालकाची, गावाची ओळख आधी करून द्यावयाची आणि धावेच्या वेळी दोनचार शब्दांवर थांबावयाचे. आरंभापासूनच जो ओरडतो त्याच्याजवळ शेवटासाठी काही उरत नाही.

पण या दोहोंपेक्षाही मोठा गुण तिसरा. बंदीच्या आधी एका गावच्या पटावर आम्ही हजर होतो. अंतिम फेरीत दोन्ही जोड्या बरोबरीने रेषेवर आल्या. पंचांनी अद्याप तोंड उघडले नव्हते. तोच समालोचकाने लोकांच्या आवडत्या जोडीचे नाव पुकारले. गुलाल उधळला, मालकास खांद्यावर घेतले, आणि मग पंचांचा निर्णय उलट आला. लाठ्या निघावयाच्याच बाकी राहिल्या होत्या. पुढे दुसऱ्या गावी तसाच प्रसंग आला, तेव्हा तेथील वयोवृद्ध समालोचक इतकेच म्हणाला : ‘डोळ्याला बरोबर दिसल्या. निकाल पंच देतील.’ हजारो माणसे निमूटपणे थांबली. दोघांच्याही डोळ्यांना तेच दिसले होते. पहिल्याने जे व्हावेसे वाटत होते ते सांगितले; दुसऱ्याने जे दिसले तेवढेच सांगितले. आमच्या मते चांगल्या आणि वाईट समालोचकांतील भेद मुळात एवढाच आहे.

या कसोटीवर बाकीचे दोष आपोआप उघडे पडतात. जोडी धावत असता देणगीदारांची नावे वाचणे, पाहुण्यांच्या आगमनाची वर्दी देणे, आपल्या गावच्या जोडीस झुकते माप देणे, ही सर्व न पाहण्याचीच रूपे होत. सर्वांत घातक दोष म्हणजे धुरकऱ्यास मारझोडीची चिथावणी देणे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली, तिच्या मुळाशी जनावरांचे हालच होते. पुढे 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्रात शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने त्या राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य ठरविला. आता पट पाहावयास आम्ही सीमेपलीकडे भंडारा-गोंदियाकडे जातो. जी परवानगी अटींवर टिकून आहे, तिची लाज राखणे मचाणावरील मनुष्याच्या शब्दांवरही अवलंबून आहे.

आमच्या सीमाभागापुरता एक विशेष गुण सांगितला पाहिजे. 1956 साली राज्ये नव्याने आखली गेली, तेव्हा बालाघाट मध्यप्रदेशात राहिले आणि भंडारा मुंबई राज्यात गेले; पटावर येणारी माणसे मात्र तीच राहिली. त्यांत कोणी मराठी बोलतो, कोणी हिंदी, कोणी पोवारी. चांगला समालोचक प्रत्येक गावाचे नाव त्या गावचे लोक उच्चारतात तसेच उच्चारतो. आपल्या गावाचे नाव ध्वनिक्षेपकावरून नीट ऐकू आले, की म्हाताऱ्या शेतकऱ्याची मान अभिमानाने कशी ताठ होते, हे आम्ही पाहिले आहे.

शाळांमधून निबंध पुष्कळ लिहून घेतले जातात; त्यांत मुले न पाहिलेला समुद्र आणि न पाहिलेला हिमालय वर्णन करतात. त्याऐवजी आठवड्यातून एकदा मैदानावर कबड्डीचा डाव मांडावा आणि एका मुलास त्याचे धावते वर्णन करावयास उभे करावे. अट एकच : दिसेल तेवढेच बोलावयाचे, आणि चुकले तर तत्काळ ‘चुकलो’ म्हणून दुरुस्त करावयाचे. हा प्रयोग आम्ही केला आहे. पहिल्या दिवशी मुले अडखळतात. महिन्याभरात विशेषणे गळून पडतात आणि क्रियापदे नेमकी होतात. भाषेच्या शिक्षकास याहून अधिक काय हवे?