पुण्यात पक्ष नव्हे, संस्था निघाली

१९५१ साली येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसूझा यांनी पुण्यात ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सोशल ऑर्डर’ काढली. तिच्यामागचा विचार युरोपातला होता. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांचे रास्त वेतन आणि संघटनेचा हक्क मान्य करणारे परिपत्रक काढले होते. त्याच प्रेरणेतून १९१९ मध्ये सिसिलीतले धर्मगुरू लुईजी स्टुर्झो यांनी इटलीत पक्ष उभारला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी, इटलीत ख्रिस्ती लोकशाहीवादी सत्तेवर आले. पुण्यात मात्र त्या विचारातून पक्ष न निघता संस्था निघाली, सोबत ‘सोशल ॲक्शन’ हे नियतकालिक. मूठभरांचा पक्ष कसला, असे कोणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती जेमतेम १ टक्का होते. पण १९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेत भारतीय ख्रिस्त्यांना ३ आणि मद्रासमध्ये ८ जागा विभक्त मतदारसंघांतून दिल्या होत्या. त्या कुंपणाआड छोटा पक्ष निवांत जगला असता. कुंपण काढायला ख्रिस्ती पुढाऱ्यांनीच हातभार लावला. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव संविधान सभेच्या सल्लागार समितीत मांडणारे हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते आणि सभेत डिसूझांनी त्याला पाठिंबा दिला. म्हणून पक्ष न निघणे ही लाचारी नव्हती, निवड होती.

मग गोव्याचे काय? तिथल्या युनायटेड गोवन्स पक्षाने १९६३ च्या विधानसभा निवडणुकीत १२ जागा जिंकल्या त्या मुख्यतः कॅथलिक मतांवर, हे खरेच. पण त्यांचा मुद्दा धर्माचा नव्हता, महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला विरोधाचा होता. १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाविरुद्ध पडलेली १,७२,१९१ मते एकट्या ख्रिस्त्यांची असूच शकत नव्हती.

खरा आक्षेप वेगळा आहे. आमदार-खासदारांच्या बळाशिवाय सामाजिक न्याय म्हणजे प्रशिक्षण शिबिरेच, आणि संस्थाही पुढे दिल्लीला गेली. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये नवबौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. इथे पक्षाची उणीव भासते, हे मान्य. तरी नवबौद्धांच्या सवलतींमागे राखीव जागांवरचे आमदार नव्हते, आंबेडकरी चळवळीचा दशकानुदशकांचा रेटा होता. असा रेटा ख्रिस्ती समाजात का तयार झाला नाही, हे पक्षाला नव्हे, चर्चमधल्या उच्चवर्णीय नेतृत्वाला विचारायला हवे.