गाडी खरखरते तेव्हा: आधी कान, मग पाना



आपल्या साक्री तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराचा. पिंपळनेरच्या वर गेलं की वाट चढाची, पावसाळ्यात नाल्या-ओढ्यांची. नवापूरकडे निघालं तर कोंडाईबारीचा घाट. अशा मुलखात चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचा मोठा आधार वाटतो. महिंद्र कंपनीने मुंबईत १९४७ पासून जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून ही गाडी शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. आता तर चारही चाकांचे ट्रॅक्टरही शिवारात दिसतात.

पण ऐन उन्हाळी कांदा काढणीला आलेला असतो आणि घरात कोणीतरी म्हणतं, "गाडी खरखर करस!" मग घाईघाईने गिअरबॉक्स उतरवला जातो. गाडी आठ-आठ दिवस उभी राहते, पैसा जातो आणि पुष्कळदा दोष निघतो चाकाच्या बेअरिंगमध्ये. म्हणून आजचा सल्ला एवढाच: आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो हे आधी ठरवा. पाना नंतर हातात घ्या.

जोर कसा जातो?

इंजिनाचा जोर क्लचमधून गिअरबॉक्सात आणि तिथून ट्रान्सफर केसमध्ये जातो. ट्रान्सफर केसमधून दोन शाफ्ट निघतात, एक मागे आणि एक पुढे. शाफ्टच्या टोकांना क्रॉस असतात. प्रत्येक अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्यात डिफरन्शियल, म्हणजे क्राऊन-पिनियन असते. तिथून जोर चाकांना मिळतो. खरखर या साखळीतल्या कोणत्याही कडीत होऊ शकते. कडी ओळखायची कशी ते आता बघू.

सहा तपासण्या

१. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. आता आवाज येत असेल तर चाकं, शाफ्ट आणि डिफरन्शियल यांना दोष देऊ नका, कारण ते फिरतच नाहीत. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर गिअरबॉक्सच्या तोंडाचे बेअरिंग बघावे. क्लच दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचचे रिलीज बेअरिंग.

२. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ३०-४० किलोमीटर वेगाने जाताना क्षणभर क्लच दाबा. इंजिन मंद झालं तरी गाडीच्या वेगाबरोबर आवाज चालूच राहिला, तर दोष शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकांकडे असण्याचा संभव जास्त. ही तपासणी घाटात कधीही करू नये.

३. एक्सिलरेटर दाबा, मग सोडा. दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं होत असेल तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. गाडी हलताना किंवा रिव्हर्स टाकताना "टक्" असा ठोका येत असेल तर क्रॉस ढिला आहे. क्रॉसच्या टोपीभोवती गंजाची तांबूस भुकटी दिसली, तर तो ग्रीसवाचून कोरडा पडला आहे असं समजा.

४. हलकंसं डावीकडे, मग उजवीकडे वळा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली तर डाव्या चाकाचे बेअरिंग आधी तपासा. डावीकडे वळताना वाढली तर उजव्या चाकाचे.

५. ब्रेक दाबा. फक्त तेव्हाच खरखर झाली तर लायनिंग झिजून लोखंडावर लोखंड घासतंय. डिस्क आणि तिच्या पत्र्यात खडा अडकला तरी असाच आवाज येतो. तो काढायला पाच मिनिटं पुरतात.

६. मातीच्या वाटेवर पुढची चाकं जोडून आणि सोडून बघा. जोडल्यावरच आवाज आला तर पुढचा शाफ्ट, पुढचे डिफरन्शियल किंवा ट्रान्सफर केसची पुढची बाजू बघावी. लो गिअरची लिव्हर गाडी चालती असताना टाकली तर दात खरखरणारच. तो यंत्राचा दोष नव्हे. गाडी थांबवून लिव्हर टाकावी.

तेल काय सांगतं?

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांचं तेल वेगवेगळं तपासावं लागतं. एकात तेल आहे म्हणून दुसऱ्यात असेलच असं नाही. गाडी सपाट जागी उभी करून भरणीचा बोल्ट काढा. बहुतेक गाड्यांत तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं. कोणतं तेल घालायचं ते गाडीच्या पुस्तिकेत बघूनच ठरवा. तेलात बारीक, मऊ चुरा असणं ही साधी झीज आहे. पण चकत्या किंवा दाताचा तुकडा निघाला, तर गाडी पुढे चालवू नका.

तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. पांझरा किंवा कान नदीच्या पाण्यातून गाडी काढताना हे घडतं. चालून तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. अ‍ॅक्सलच्या वर हवा जाण्यासाठी छोटी नळी असते. ती चिखलाने बुजलेली असेल तर हा धोका वाढतो. पावसाळ्यात ती नळी साफ ठेवा. दुधाळ तेल लगेच बदला, कारण पाण्याने बेअरिंग गंजते आणि मग खरखर सुरू होते.

डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडू नका

वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. जुन्या जीपमध्ये पुढची चाकं जोडली की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. मातीत चाक थोडं घसरतं आणि हा फरक निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून सगळा पीळ दातांवर, क्रॉसवर आणि शाफ्टवर साठतो. लिव्हर अडकून बसते ती याच पिळामुळे. मागे कोणी नाही हे पाहून गाडी सरळ थोडी मागे घ्या, पीळ सुटतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत, नाहीतर सरळ रस्त्यावरही पीळ पडत राहतो. ट्रॅक्टरची पुढची चाकं मापाने लहानच असतात, पण त्यांचा मेळ कारखान्यातच घातलेला असतो. म्हणून ट्रॅक्टरला पुस्तिकेत दिलेल्या मापाचेच टायर घालावेत. ट्रॅक्टर पक्क्या सडकेवर आला की त्याचाही पुढचा जोर सोडावा.

जिवाची काळजी

फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. खाली भक्कम घोडी आणि चाकांना उटी हवीच. एक अ‍ॅक्सल उचलून, चारही चाकं जोडलेली ठेवून, इंजिन चालू करू नका. जमिनीवरची चाकं जोर धरतात आणि गाडी जॅकवरून उडी घेते. इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवा आणि वर-खाली हलवून बघा. खरखर किंवा ढिलाई हातालाच कळते.

चाकाजवळचा आवाज वाढत चालला असेल आणि चाकाचा मध्य हात लावता येत नाही इतका तापत असेल, तर माल भरून घाट उतरू नका. बेअरिंग जाम झालं तर चाक निखळू शकतं. एक खेप राहिली तर राहू द्या.

मिस्त्रीकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: आवाज कोणत्या वेगाला येतो, कोणत्या वळणाला येतो, क्लच दाबल्यावर काय होतं, पुढची चाकं जोडल्यावर काय होतं आणि तेल शेवटचं केव्हा बदललं. गुराच्या डॉक्टरला आपण जनावराने चारा केव्हा सोडला ते सांगतो, तसंच हे. चांगला मिस्त्री ही पाच उत्तरं ऐकूनच ठरवील की कोणता बोल्ट आधी खोलायचा.