सायकलचे गिअर आणि घाटाची चढण

घाटात सायकल ढकलत नेण्याची पाळी आमच्यावर अनेकदा आली, आणि प्रत्येक वेळी आम्ही दोष दिला तो पायांना! खरी चूक होती चक्रांच्या निवडीत.

पुढच्या चक्राला 44 आणि मागच्याला 18 दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात 28 इंची चाकाची सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. दोन्हीकडे 28 दाते घेतले तर सव्वादोन मीटरच जाते. पण पायाला लागणारा जोर निम्म्याहून कमी होतो. चढ तोच, श्रमही तेवढेच. फक्त ते अधिक फेऱ्यांत वाटले जातात.

म्हणून रस्ता बदलला तरी पायांची लय बदलू देऊ नये. सपाटीवर पुढे मोठे, मागे लहान चक्र. चढावर याच्या उलट. बदल मात्र चढ लागण्यापूर्वीच करावा, कारण ताणलेली साखळी सहजी सरकत नाही. दोन्हीकडे सर्वांत मोठे चक्र ही जोडी टाळावी. साखळी तिरपी ओढली जाऊन झिजते.

'तूर द फ्रान्स' शर्यतीतील नामांकित स्पर्धकांनासुद्धा असे गिअर 1937 पर्यंत वापरता येत नव्हते. संस्थापक आंरी देग्रांज यांना त्यात दुबळेपणा दिसे. आपण तरी हलका गिअर घेताना संकोच का बाळगावा?