मांडीवरचं बाळ किती किलोचं?

मागच्या महिन्यात ताई, भावजी आणि एक वर्षाच्या भाच्यासोबत पुण्याहून साताऱ्याला गेलो. भाचा पूर्ण वेळ पुढच्या सीटवर, ताईच्या मांडीवर. "घट्ट धरलंय रे मी त्याला," ताई म्हणाली. मी गप्प बसलो, पण डोक्यात गणित सुरू झालं. तेच तुम्हाला सांगतो.

ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. गाडी आदळली की साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. बाळ मात्र थांबत नाही, त्याच वेगाने पुढे जातं (न्यूटनचा पहिला नियम, नववीतला!). तेवढ्याच वेळात १० किलोच्या बाळाला थांबवायला सुमारे १४०० न्यूटन बल लागतं. म्हणजे १४० किलोचं ओझं, तेही एका झटक्यात. हात सुटणारच.

दोघांना मिळून एकच बेल्ट? ते तर आणखी वाईट. आईचा सगळा भार बाळावर येतो. शिवाय समोर एअरबॅग आहेच.

तान्ह्या बाळाची चाइल्ड सीट मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवतात. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड, मान कच्ची. असं उलटं बसवल्यावर समोरून बसणारा धक्का पाठ, मान, डोकं असा सगळीकडे वाटला जातो. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंडही आहे.

घरी आल्यावर हे आकडे ताईला कागदावर मांडून दाखवले. भावजींनी सीट मागवलीये. ती येईपर्यंत भाच्याचा गाडीप्रवास बंद, हे ताईनेच ठरवलं.